तो माजी सैनिक नाही, मग कोण?

(४ फेब्रुवारी, मराठा दिन. मुरार, ग्वाल्हेर इथं जमलेल्या माजी सैनिकांसमोर आणि त्यांच्या मुला-नातवंडांसमोर केलेलं भाषण)



मी मूळचा खानापूर तालुक्यातला. बेळगावच्या मराठा सेंटरमध्ये रंगरूट म्हणून शिरलो, हवालदार होऊन बाहेर पडलो. लेक इथं दिली म्हणून मुरारला आलो. पहिला महिना कुणी ओळखीचं नव्हतं. मग बँकेच्या रांगेत एकानं विचारलं, "कुठली पलटण?" त्या दिवसापासून मी या बैठकीतला झालो.

हे शहरच तसं आहे. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांनी किल्ल्याखाली तळ दिला, तंबूंची घरं झाली, त्या भागाला आजही लश्कर म्हणतात. फौजी इथं येतो आणि रुजतो.

आता मनातलं बोलतो. माझा पुतण्या अग्निवीर आहे, २०२३ च्या पहिल्या तुकडीतला. या वर्षाअखेरीस त्याची चार वर्षं भरतात. योजनेप्रमाणे शंभरातल्या पंचवीसपर्यंत पोरांनाच पुढं ठेवणार. बाकीच्यांना सेवानिधीचे सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये. पेन्शन नाही, ईसीएचएसचं कार्ड नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही.

नोव्हेंबरात तो सुट्टीवर इथं आला होता. माझा हयातीचा दाखला अडलेला. बोटांचे ठसे झिजलेत, मशीन घेईना. त्यानं मोबाइलवर माझा चेहरा दाखवून पाच मिनिटांत काम केलं. दुसऱ्या दिवशी आपल्यातल्या चौघांचं आणि दोन विधवा वहिनींचंही केलं. निघताना म्हणाला, "काका, मी परत आलो तर तुमच्या संघटनेत मला घेतील?"

मागच्या बैठकीत मी हे विचारलं. एक साहेब म्हणाले, "सरकारच त्याला माजी सैनिक म्हणत नाही, तर आपला सभासद कसा?" कुणीच बोललं नाही. मीही गप्प बसलो. तेच मनाला लागलंय, म्हणून आज उभा आहे.

आठवा २०१५. वन रँक वन पेन्शनसाठी आपली माणसं जंतरमंतरवर बसली. सप्टेंबरात सरकारला घोषणा करावी लागली. मागणी काय होती? हुद्दा तोच, नोकरी तेवढीच, तर रिटायर झाल्याची तारीख बघून पेन्शन कमी-जास्त करू नका. आता आपणच भरतीची तारीख बघून पोराला दाराबाहेर ठेवणार का?

सरकारची यादी सरकार करील. आपली यादी आपल्या हातात आहे. माझं म्हणणं एवढंच: पोरगं वर्दी उतरवून घरी आलं, की त्याच दिवशी त्याचं नाव आपल्या वहीत चढवा. निमलष्करी दलांत माजी अग्निवीरांना जागा राखीव आहेत. तो फॉर्म भरताना एका जुन्या माणसानं शेजारी बसावं. पैसे कुठं गुंतवायचे, कुणाला द्यायचे नाहीत, हेही सांगावं. आणि पोरांनी आमचे मोबाइल, आमची स्पर्श पोर्टलची कटकट सांभाळावी. हे उपकार नव्हेत, आळीपाळीची ड्यूटी आहे.

गावाकडची पोरंही हे वाचतील. बेळगाव, खानापूर, निपाणीच्या पोरांनो, गावातल्या म्हाताऱ्या फौजीकडं वर्षातून एकदा हार घेऊन जाऊ नका. नोव्हेंबरात मोबाइल घेऊन जा. आणि तुमचा मित्र चार वर्षांनी परत आला, तर "काढून टाकलं काय रे?" असं त्याला विचारू नका. "कुठली पलटण?" असं विचारा.

आज रात्री मला पुतण्याला फोन करायचा आहे. त्याला काय सांगू? हात वर करून सांगा.