तारण



सांगलीच्या मार्केट यार्डात 'तारण' हा शब्द उच्चारला की डोळ्यांपुढे हळदीची पोती येतात. भाव पडलेले असले की शेतकरी माल बाजार समितीच्या गोदामात ठेवतो, त्यावर कर्ज उचलतो आणि भाव चढला की माल सोडवतो. रविवारी चर्चमध्ये बसणाऱ्या माझ्यासारख्याला मात्र हाच शब्द वेगळा ऐकू येतो. आमच्या प्रार्थनेत तारण म्हणजे पापातून सुटका, देवाशी तुटलेलं नातं पुन्हा जुळणं. हे दोन अर्थ मला कधी फार दूरचे वाटले नाहीत. त्याचं कारण माझ्या आईच्या पाटल्या.

आम्ही सातारा जिल्ह्यातले, कृष्णाकाठचे. थोरल्या बहिणीच्या लग्नासाठी वडिलांनी आईच्या पाटल्या सावकाराकडे गहाण टाकल्या. दोन वर्षं नुसतं व्याज भरण्यातच गेली. एके संध्याकाळी धाकटे काका दारात येऊन उभे राहिले. बांधाच्या भांडणावरून सहा वर्षं त्यांचं आणि वडिलांचं बोलणं नव्हतं. उसाचं बिल आलं होतं; त्यातून त्यांनी पाटल्या सोडवून आणल्या होत्या. रुमालात गुंडाळलेल्या पाटल्या आईपुढे धरून ते म्हणाले, "वहिनी, घाला." वडिलांनी लगेच कागद मागितला. रक्कम लिहून देतो, हप्ते ठरवू, म्हणाले. काका म्हणाले, "दादा, सावकाराला लिहून दिलंस तेवढं पुरे."

वडील दोन दिवस नीट जेवले नाहीत. कर्जाचं ओझं त्यांनी दोन वर्षं वाहिलं होतं. पण फुकट मिळालेली सुटका त्यांना पेलवेना. तिसऱ्या दिवशी ते शेतावर गेले आणि वादातला बांधाचा दगड त्यांनी आपल्या हातानं मागे सरकवला. काकांनी तो मागितला नव्हता.

ख्रिस्ती माणूस तारण म्हणतो, त्याचा गाभा मला इथे दिसतो. आपल्याला न फिटणारं देणं येशूनं क्रूसावर प्राण देऊन फेडलं, हा आमचा विश्वास. ते पुण्य साठवून मिळत नाही. पदर पसरून घ्यावं लागतं. त्यालाच आम्ही कृपा म्हणतो. "म्हणजे काहीही करा, माफी ठरलेलीच?" असं मला पुष्कळ जण विचारतात. प्रश्न रास्त आहे.

त्याचं उत्तर लूकच्या शुभवर्तमानातल्या जक्कयाकडे आहे. हा यरीहो गावचा जकातदार, लोकांना लुबाडून श्रीमंत झालेला आणि बुटका. येशूला पाहायला तो उंबराच्या झाडावर चढून बसला. येशूनं त्याला खाली बोलावलं आणि आज मुक्काम तुझ्या घरी, असं सांगितलं. आधी हिशेब दे, मग येतो, असं म्हटलं नाही. पण आपण स्वीकारले गेलो हे कळल्यावर जक्कयच उभा राहिला. निम्मी मालमत्ता गरिबांना आणि ज्याला फसवलं त्याला चौपट, असं त्यानं आपणहून कबूल केलं. तेव्हा येशू म्हणाला, आज या घराला तारण लाभलं. 'आज' हा शब्द मला मोलाचा वाटतो. तारण मेल्यानंतरसाठी राखून ठेवलेलं नाही. ते याच घरात, याच दिवशी सुरू होतं.

आपल्या भागात याच्या खुणा आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा १८९५चा. त्यामुळे लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षं त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे त्यांच्या मनातला सोवळ्याओवळ्याचा पीळ कसा सुटत गेला, ते त्यांनी 'स्मृतिचित्रे'त मोकळेपणानं लिहिलं आहे. त्यांच्या बाबतीत तारण स्वयंपाकघरापर्यंत, पाण्याच्या भांड्यापर्यंत पोहोचलं. १९१७ मध्ये टिळकांनी साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोनच वर्षांनी टिळक गेले. पण कृपेला कुंपण घालू नये, ही त्यांची तळमळ राहिली.

तिकडे मिरजेत कॅनडाहून आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडलं. सांगली-मिरज रस्त्यावरून जाताना वानलेसवाडी लागते, ती त्यांच्याच नावाची. आपल्याला फुकट मिळालं ते दुसऱ्यापर्यंत पोहोचवायचं, ही त्या सेवेमागची श्रद्धा.

हे सगळं मी वर्षानुवर्षं संडे स्कूलच्या मुलांना शिकवलं. आणि घरी कपाटात एक वही जपून ठेवली. धाकट्या भावानं घर बांधताना माझ्याकडून घेतलेल्या पैशांची. व्याजासकट मांडलेली. त्या हिशेबापायी आमचं जाणंयेणं थांबलं होतं. गेल्या नाताळच्या आदल्या रात्री जक्कयाची गोष्ट पुन्हा वाचायला घेतली आणि पुढे वाचवेना. आपलं फिटलेलं देणं गात होतो आणि भावाचं मांडून ठेवत होतो. वही बंबात घातली. हात कचरला, हेही सांगतो. रक्कम लहान नव्हती.

सकाळी भावाला फोन केला. वही जाळली, म्हणालो. तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "दादा, हुरडा आलाय. येऊन जा."

मी गेलो.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)