पाळक, वडील आणि पायपेटी



माझे अब्बा पेट्या दुरुस्त करायचे. मिरज हे सतार-तंबोऱ्यांचं गाव म्हणून सगळ्यांना ठाऊक आहे. पण तारांच्या त्या गावात पेटीच्या सुरांना कान लावून बसणारीही काही माणसं होती, अब्बा त्यांतले एक. १९८१ची गोष्ट असेल. शनिवारी दुपारी एक माणूस सायकलवरून घाईघाईनं आला. म्हणाला, "मिस्त्री, आमच्या चर्चमधली पायपेटी हवा धरेना झालीय. उद्या उपासना आहे. आजच चला." हत्यारांची पिशवी माझ्याकडे देऊन अब्बा निघाले. मी तेव्हा दहा वर्षांचा. चर्चमध्ये पाऊल टाकायची माझी ती पहिलीच वेळ.

पेटीचा भाता उंदरांनी कुरतडला होता. अब्बा चामड्याचे तुकडे चिकटवत होते आणि मी इकडेतिकडे बघत बसलो होतो. एक म्हातारबाबा बाकं पुसत होते. एक बाई पितळी फुलदाणीत झेंडू खोचत होत्या. चार-सहा मुलंमुली पेटीविनाच गाण्याची तालीम करत होती. दवाखान्यातून ड्युटी संपवून थेट आलेल्या एक सिस्टर त्यांना हातानं ताल देत होत्या. बाजूच्या खोलीत टेबलाभोवती पाच-सहा जणांची बैठक चालली होती. पेटी बोलू लागली तशी ती मंडळी बाहेर आली. त्यांतल्या पाळकसाहेबांना अब्बा अदबीनं म्हणाले, "चाळीस रुपये झाले, साहेब." पाळक हसले. "मिस्त्री, पैशाचं मला विचारू नका. ते मास्तर सांगतील." प्राथमिक शाळेतले एक मास्तर पुढं झाले. त्यांनी आकडा पस्तिसावर आणला, वहीत लिहिला, दुसऱ्या एकाची सही घेतली आणि पैसे मोजून दिले.

वाटेत अब्बा म्हणाले, "एवढा मोठा माणूस, पण चाळीस रुपये द्यायचा हुकूम नाही त्याच्या हातात." हे त्यांनी कौतुकानं म्हटलं की कीव येऊन, ते मला तेव्हा कळलं नाही. पुढं काही वर्षांनी आम्ही त्याच मास्तरांच्या शेजारी राहायला गेलो आणि या प्रश्नाचं उत्तर मी त्यांच्या ओट्यावर बसून शोधत राहिलो. आज त्याबद्दलच बोलणार आहे.

कोल्हापूर, सांगली, मिरज या पट्ट्यात अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन मिशनचं काम होतं. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत उभारलेलं रुग्णालय त्याच मिशनचं. पुढं १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल मंडळ्या एक झाल्या, आणि १९७० मध्ये नागपुरात सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. म्हणजे मी पाहिलेलं चर्च कागदोपत्री प्रेस्बिटेरियन राहिलेलं नव्हतं. पण सवयी कागदानं बदलत नाहीत. मास्तर स्वतःला 'वडील'च म्हणायचे.

वडील! त्या पंथाचं नावच मुळी या शब्दावरून आलं आहे. ग्रीक भाषेत 'प्रेस्बिटेरोस' म्हणजे वयानं मोठा, वडीलधारा. मराठी बायबलात त्यासाठी 'वडील' हाच शब्द आहे. जिनिव्हात जॉन कॅल्व्हिननं १५४१ मध्ये चर्चच्या कामाची घडी बसवली तेव्हा पाळक, शिक्षक, वडील आणि सेवक अशी चार पदं ठरवली. पाळकानं उपदेश करायचा, बाप्तिस्मा आणि प्रभुभोजन द्यायचं. सेवकांनी गोरगरिबांची आणि आजाऱ्यांची काळजी घ्यायची. वडिलांनी मंडळीची राखण करायची. हे वडील म्हणजे कोणी धर्मपंडित नव्हेत, आपापला धंदा करणारी साधी माणसं. जिनिव्हात राहून आलेल्या जॉन नॉक्सनं ही रीत स्कॉटलंडमध्ये नेली आणि १५६० पासून ती तिथं रुजली.

तिथल्या प्रत्येक मंडळीत पाळक आणि वडील मिळून एक सभा असते. पाळक तिचा अध्यक्ष, पण मालक नव्हे. अनेक मंडळ्यांचे पाळक आणि वडील मिळून वरची सभा, तिला प्रेस्बिटरी म्हणतात. सगळ्यांच्या वर महासभा. तिचा अध्यक्ष एका वर्षापुरता निवडलेला, वर्ष संपलं की परत आपल्या जागी. कायमचा बिशप कोणी नाही. राजेलोकांना हे मुळीच आवडायचं नाही. १५९६ मध्ये अँड्र्यू मेल्व्हिल नावाच्या पाळकानं राजा सहाव्या जेम्सची बाही धरून त्याला सुनावलं होतं, की ख्रिस्ताच्या राज्यात तुम्ही राजे नाही, इतरांसारखेच एक सभासद आहात. हाच जेम्स पुढं इंग्लंडचाही राजा झाला आणि बिशपांना शेवटपर्यंत धरून राहिला. बिशप गेले की आपलीही पाळी येणार, हे त्यानं ओळखलं होतं!

पण खरा पेच राजाचा नव्हताच, तो जमीनदाराचा होता. १७१२च्या एका कायद्यानं गावचा पाळक कोण असावा हे सुचवायचा हक्क तिथल्या बड्या जमीनदाराला मिळाला. १८३४ मध्ये ऑक्टरआर्डर नावाच्या गावी अशीच एक नेमणूक आली. त्या माणसाला पसंतीची सही दिली गावातल्या फक्त दोघांनी आणि जमीनदाराच्या कारभाऱ्यानं. ३३० कुटुंबप्रमुखांपैकी २८७ जणांनी त्याला विरोध नोंदवला. प्रकरण कोर्टात गेलं आणि कोर्टानं जमीनदाराची बाजू उचलून धरली. लोकांना नको असलेला माणूस लोकांच्या बारशाला, लग्नाला, मयताला उभा राहणार. तुम्हीच विचार करा, कसं वाटलं असेल.

त्याचा स्फोट १८ मे १८४३ रोजी एडिंबरात झाला. महासभा भरली आणि अध्यक्षांनी निषेधाचा कागद वाचून टेबलावर ठेवला. मग ते उठून दाराकडं चालू लागले. त्यांच्यामागून रांगच्या रांग बाहेर पडली. शेवटी ४७४ पाळकांनी राजीनाम्याच्या कागदावर सह्या केल्या. एकूण पाळकांपैकी हे साधारण एक तृतीयांश. सही केली त्या क्षणी पगार गेला, राहतं घर गेलं, चर्चची इमारत गेली. बायकामुलांना घेऊन ही माणसं बाहेर पडली ती 'फ्री चर्च' उभं करायला. काही जमीनदारांनी त्यांना प्रार्थनेपुरतीही जागा दिली नाही. स्ट्रॉन्शन नावाच्या गावी तर लोकांनी वर्गणी काढून लोखंडी तरंगतं चर्च बांधून घेतलं आणि खाडीत नांगरून ठेवलं. होड्यांतून लोक उपासनेला जायचे. शंभर माणसांमागं ते एक इंच पाण्यात खाली जायचं, असं सांगतात. कुठला उपदेशक किती गर्दी खेचतो हे किनाऱ्यावरून मोजता यायचं.

माझं लक्ष मात्र दुसऱ्याच गोष्टीकडं गेलं. या पाळकांनी खायचं काय? टॉमस चाल्मर्स हे त्यांचे पुढारी. त्यांनी एक सामाईक निधी काढला. गरिबातल्या गरिबानंही आठवड्याला एक पेनी द्यावी, असा त्यांचा हिशेब. सगळ्या मंडळ्यांचा पैसा एका ठिकाणी यायचा आणि त्यातून प्रत्येक पाळकाला सारखा वाटा जायचा. वकील-डॉक्टरांच्या मंडळीचा पाळक असो की कोळीवाड्यातला, निधीतला वाटा तोच. श्रीमंत मंडळीनं आपल्या पाळकाला वर काही दिलं तर ते वेगळं. मला वाटतं, त्या चळवळीतली सगळ्यात शहाणपणाची गोष्ट हीच. नुसता त्याग पहिल्या हिवाळ्यातच विरघळून गेला असता.

या घटनेचे पडसाद आपल्याकडंही उमटले. मुंबईत जॉन विल्सन आणि त्यांचे स्कॉटिश सहकारी फ्री चर्चच्या बाजूनं उभे राहिले आणि जुन्या संस्थेवर पाणी सोडून त्यांनी नव्यानं सुरुवात केली. आजचं विल्सन कॉलेज ही त्यांचीच पुढची कहाणी. याच फ्री चर्चचे नारायण शेषाद्री हे पाळक जालन्याकडं गेले. निजाम सरकारनं दिलेल्या जमिनीवर त्यांनी 'बेथेल' हे गाव वसवलं. मुसलमान राज्यात, ब्राह्मण घरातून आलेल्या पाळकानं वसवलेलं ख्रिस्ती गाव! आणि 'यमुनापर्यटन' लिहिणारे बाबा पदमनजी पुण्याच्या फ्री चर्चचे पाळक होते. मराठीतल्या पहिल्या कादंबरीच्या लेखकाला रविवारी उपदेश करावा लागायचा आणि वडिलांच्या सभेत हिशेब ऐकत बसावं लागायचं, ही कल्पना मला मोठी गंमतशीर वाटते.

हे सगळं गोड-गोड नाही. मास्तर स्वतःच सांगायचे, की त्याच तीन-चार घरांतून पिढ्यानपिढ्या वडील निवडले जातात. गरीब माणूस सभेत बसला तरी बोलत नाही. स्त्रियांना तर फार काळ दारच बंद होतं. चर्च ऑफ स्कॉटलंडमध्ये त्यांना वडील होता आलं १९६६ मध्ये आणि पाळक १९६८ मध्ये, म्हणजे नॉक्सनंतर चारशे वर्षांनी. आणि पाळकाची बायको? ती मुलांचा वर्ग घेते, आजाऱ्यांना भेटते, रात्री-अपरात्री आलेल्याला चहा देते. अमेरिकेतल्या मोठ्या मंडळ्यांत सहायक पाळक, संगीत दिग्दर्शक, तरुणांसाठी वेगळा माणूस, कचेरीत कारकून अशी पगारी फौज असते. आपल्याकडं ती सगळी पदं एकटी पाळकीणबाई सांभाळते आणि पगारपत्रकावर तिचं नाव नसतं.

आता माझं सांगतो. दहा-बारा वर्षांपूर्वी मी एका मशिदीच्या कमिटीवर चिटणीस होतो. आमचे पेशइमाम विजापूरकडचे, गळा गोड, स्वभाव सरळ. एका जुम्म्याला ते वारसाहक्कावर बोलले. बहिणींचा वाटा भावांनी खाल्ला तर त्या घरच्या रोज्या-नमाजाला अर्थ काय, असं त्यांनी विचारलं. यात त्यांच्या पदरचं काही नव्हतं, शरीयतच तसं सांगते. पण कमिटीतल्या एका वजनदार सभासदाच्या ते वर्मी लागलं. सोमवारी रात्री बैठक झाली. आम्ही नऊ जण होतो, त्यांतल्या आठांचे हात वर झाले. माझा हात चौथा होता. इमामसाहेबांना आठ दिवसांत खोली सोडायला सांगायचं ठरलं. पत्र मी लिहिलं. मराठी घेऊन बी.ए. केलेलं, कविता छापून येतात, त्यामुळं पत्रं लिहायचं काम नेहमी माझ्याकडंच यायचं. पत्राची भाषा चांगली झाली होती, असं सगळे म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मास्तरांच्या ओट्यावर गेलो. सगळं ऐकून ते म्हणाले, "आमच्या जुन्या पद्धतीत तुम्हाला हे आठ दिवसांत करता आलं नसतं."

मी विचारलं, "का? पाळकाला पगार तुम्हीच देता ना?"

"देतो आम्ही. पण त्याचं नाव आमच्या मंडळीच्या यादीत नसतं, वरच्या सभेच्या यादीत असतं. त्याला बोलावतो आम्ही, पण काढायचं तर तिथं जावं लागतं. तिथं इतर गावचे पाळक आणि वडील असतात. ते दोन्ही बाजू ऐकतात, माणसं पाठवतात, महिने जातात."

"म्हणजे नुसता वेळकाढूपणा!"

"हो," मास्तर म्हणाले. "एकदा आम्हीही सह्या गोळा केल्या होत्या. निकाल यायला आठ महिने लागले. तोवर निम्म्या लोकांना आपण सही का केली तेच आठवेना."

अब्बांच्या त्या वाक्याचा अर्थ मला तेव्हा लागला. चाळीस रुपयांचा हुकूम पाळकाच्या हातात नव्हता हे खरं, पण पाळकाला घालवायचा हुकूम मास्तरांच्याही हातात नव्हता. १८४३ची माणसं जमीनदारापासून सुटली. वर्गणी देणाऱ्यांच्या रागापासून पाळकाला वाचवायचं काम मात्र वरच्या सभेचं. सगळ्या कुलपांच्या चाव्या एका जुडग्यात ठेवायच्या नाहीत, एवढीच ती युक्ती. ती नेहमी साधते असं नाही. आमच्या इस्लाममध्ये सगळ्यांवर चालेल अशी वरची सभा नाही. प्रत्येक जमात आपल्या जागी मोकळी आहे, आणि त्या मोकळेपणाचा मला अभिमानही आहे. पण त्या सोमवारच्या रात्री आमच्या आठ हातांना अडवणारं कोणी नव्हतं.

मास्तर आता नव्वदीच्या आसपास आहेत. मध्यंतरी त्यांनी मला अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या प्रेस्बिटेरियन चर्चच्या विधीबद्दल सांगितलं. तिथं नवा पाळक रुजू होतो तेव्हा आधी त्याला प्रश्न विचारले जातात, तो शपथ घेतो. मग मंडळीला उभं करून तिलाही प्रश्न विचारतात. याला तुमचा पाळक म्हणून स्वीकारता का? याचं ऐकाल का? आणि त्यात हेही असतं, की याला रास्त पगार द्याल आणि याच्या सुखदुःखाची काळजी घ्याल, असं वचन देता का? सगळ्यांनी मोठ्यानं 'हो' म्हणायचं. लहान मुलं आजूबाजूला असतात, त्यांच्यादेखत.

मी घरी आलो आणि डायरीतून इमामसाहेबांचा नंबर शोधला. नंबर लागेल असं वाटलं नव्हतं, पण लागला. विजापूरच्या पुढं एका खेड्यात ते मशीद सांभाळतात, मुलांना शिकवतात, संध्याकाळी अत्तर विकतात. मी नाव सांगितलं. पुढं काय बोलायचं ते सुचेना. मी पत्राबद्दल काही म्हणणार तेवढ्यात त्यांनीच विचारलं, "वजू के हौज का पानी अब भी गलता क्या, भाई? मेरे रहते तो बंद नहीं हुआ."

गळती अजून चालूच आहे, असं मी त्यांना सांगितलं.