महाबळेश्वर तालुक्यात घर घेताना

महाबळेश्वर तालुक्यात स्वतःचं घर असावं, असं अनेकांना वाटतं. कृष्णा-कोयनेचा उगम, स्ट्रॉबेरीचे मळे, उन्हाळ्यातही सुखावणारी हवा, मोह पडणारच. पण व्यवहाराआधी इथला पावसाळा अनुभवा. वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस इथे पडतो, त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. म्हणून जुनी घरं उतरत्या छपराची, जांभ्या दगडाची. पावसाच्या तोंडावर भिंतींना गवताचं किंवा पत्र्याचं आच्छादन बांधतात. तरी ओल येतेच. जुलै २०२१च्या अतिवृष्टीत दरडी कोसळून आंबेनळी घाट बंद पडला होता. उलट, उन्हाळ्यात काही गावांत पाणी जपून वापरावं लागतं.

आता कागदपत्रं. २००१ साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर झाला. त्यामुळे बांधकाम, वृक्षतोड आणि उतारावरची खोदाई यांवर निर्बंध आहेत. शेतकरी नसलेल्याला शेतजमीन परवानगीशिवाय घेता येत नाही. म्हणून सातबारा, फेरफार, बिनशेती आदेश आणि बांधकाम परवाना स्वतः तपासा, वकिलाला दाखवा. सगळं डोळ्यांखालून घातल्याशिवाय इसार देऊ नका.