उद्याची हवा

अहमदाबादच्या कापडगिरण्यांची धुराडी बहुतांशी थंडावली, तरी त्या नगरीचे आकाश निवळले नाही. धुराड्यांची जागा वाहनांनी, वटवा-नरोड्याच्या कारखान्यांनी आणि बांधकामांच्या धुळीने घेतली. तीतील अडीच मायक्रॉनहून लहान कण थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसतात. भारतीय मानकानुसार त्यांचे वार्षिक प्रमाण घनमीटरमागे ४० मायक्रोग्रॅमपर्यंत चालते. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा २०२१ पासून अवघी ५ आहे!

पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेची ‘सफर’ ही पूर्वानुमान-योजना २०१७ साली अहमदाबादेत आली. कोठून किती धूर निघतो याची मोजदाद आणि वारा-तापमानाचे गणित यांची सांगड घालून तिने उद्याच्या हवेचे भाकीत करावयाचे. हिवाळ्यात हे विशेष मोलाचे. रात्री जमिनीलगतची हवा गार होते, वर उबदार थर झाकणासारखा बसतो. धूर नेहमीइतकाच असूनही पहाटे श्वास कोंडतो.

दमेकऱ्याला हे आदल्या दिवशी कळले तर तो सावध राहील. पण रस्त्यावर हातगाडी लावणाऱ्याने भाकीत ऐकून घरी कसे बसावे? त्याच्यासाठी धूर सोडणाऱ्यालाच आवरावयास हवे. दिल्लीपुरते तरी २०२२ साली, भाकितावरूनच निर्बंध आगाऊ लावावेत, असे ठरले.