जमाव, प्रेक्षक आणि ग्रामसभा



डाव्या चळवळीत गेली काही वर्षे एक वाद धुमसतो आहे. एक बाजू म्हणते, उजव्यांनी लोकांच्या भावनेला हात घातला, मोबाइलच्या वाटेने ते थेट माजघरात शिरले आणि डावे मात्र ठराव, पत्रके व शिबिरे यांतच गुंतून पडले. तेव्हा ‘जनता विरुद्ध मूठभर’ अशी सोपी मांडणी करून, तेच माध्यम हाती घेऊन, डाव्यांनीही लोकानुनयाचे राजकारण करावे. एर्नेस्तो लाक्लाऊ आणि शांताल मूफ यांनी या भूमिकेला तात्त्विक बैठक दिली. दुसरी बाजू म्हणते, हे तर वर्गीय राजकारणाला सोडचिठ्ठी देणे होय. हा वाद मुंबई-पुण्याच्या सभागृहांत कितीही रंगला तरी त्याचा निकाल तेथे लागणे नाही. त्याची कसोटी चंद्रपूर आणि गडचिरोलीच्या जंगलात लागते आहे. कारण प्रतिकाराचे बहुतेक सारे मार्ग तेथे एकाच पिढीच्या डोळ्यांदेखत चोखाळले गेले आहेत.

1982 साली चंद्रपुरातून गडचिरोली हा वेगळा जिल्हा झाला. दोनच वर्षांनी, 1984 मध्ये, इचमपल्ली आणि भोपालपट्टणम येथील नियोजित धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ हे आंदोलन उभे राहिले. बाबा आमटे त्याच्या अग्रभागी होते. त्या आंदोलनापाशी न रेडिओ होता, न वृत्तपत्रांची साखळी. तरी धरणे अडली. याहून महत्त्वाचे असे की, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या शंभरेक घरांच्या गोंड वस्तीत त्यातून एक निराळाच प्रश्न रुजला: सरकारला नाही म्हणता आले, आता स्वतःचे काय?

मेंढ्याने दिलेले उत्तर सर्वश्रुत आहे. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा भिंतींवर लिहिली गेली आणि पुढे देशभर उद्धृत झाली. घोषणा उद्धृत करणाऱ्यांनी तिच्यामागची कार्यपद्धती मात्र क्वचितच पाहिली. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल (जानेवारी 2025 मध्ये ते निवर्तले) यांनी गावकऱ्यांसह दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या. अभ्यास गटात चर्चा होई, निर्णय होत नसे. निर्णय ग्रामसभेत होई, आणि तोही बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने. एकाचा विरोध असला तरी विषय पुढे ढकलला जाई. ही पद्धत संथ आहे, कंटाळवाणीही आहे. शहरी कार्यकर्त्याला तिच्यात क्रांतीचा अंशही दिसणार नाही. परंतु 2006 चा वनहक्क कायदा आला तेव्हा त्याचा अर्थ सांगायला मेंढ्याला बाहेरच्या पुढाऱ्याची वाट पाहावी लागली नाही. 2009 साली सुमारे 1800 हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क गावाला मिळाला. त्यानंतरही बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी वनखात्याने गावाला ताटकळत ठेवले. शेवटी 27 एप्रिल 2011 रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांना परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यासाठी गावात यावे लागले.

मोबाइलची सत्ता नेमकी कशात आहे, हे या पार्श्वभूमीवर पाहिले म्हणजे उलगडते. ती वेगात नाही. अफवा पूर्वीही पळतच होत्या. ती यात आहे की ऐकणारा एकटा असतो, आणि सांगणाऱ्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय त्याला नसते. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारले. मोबाइलवरून फिरलेल्या मजकुरांनी ती भीती आधीच घरोघर पोहोचवली होती. मारहाण झाली ती ग्रामपंचायतीच्या कार्यालयात! पंचायतीची इमारत होती, पण ‘हा मजकूर कोणी पाठवला, कोणाचे मूल हरवले?’ असे विचारणारी सभा तेथे नव्हती. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मजकूर एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. प्रश्न आकड्याचा होता, असे कंपनीला वाटले असावे.

सूरजागडची कथा याच अंगाने वाचली पाहिजे. एटापल्ली तालुक्यातील हा लोहखनिजाचा डोंगर माडिया गोंडांच्या ठाकुरदेवाचे स्थान. सत्तर गावांची यात्रा तेथे भरते. 2007 साली तेथे खाणपट्टा दिला गेला. डिसेंबर 2016 मध्ये माओवाद्यांनी तेथील सत्तरहून अधिक वाहने जाळली. जळत्या ट्रकांची छायाचित्रे देशभर गेली. ज्या सत्तर गावांचा विरोध होता त्यांचा आवाज त्या धुरात हरवला. ग्रामसभांना न विचारता त्यांच्या नावाने केलेली ती कृती होती, आणि या बाबतीत बंदूकधारी क्रांतिकारक व लोकानुनयी पुढारी यांच्यात वाटते तितके अंतर नाही. 2021 पासून खाण जोमाने सुरू झाली. विस्तारासाठीची पर्यावरणविषयक जनसुनावणी प्रकल्पस्थळी किंवा त्याच्या निकट व्हावी, असे 2006 ची केंद्रीय अधिसूचना सांगते. ऑक्टोबर 2022 मधील सुनावणी झाली ती शंभराहून अधिक किलोमीटर दूर, गडचिरोली शहरात. 2023 च्या मार्चमध्ये तोडगट्टा येथे माडियांनी नव्या खाणी व त्यांच्यासाठीच्या रस्त्यांविरुद्ध ठिय्या मांडला. आठ महिने तो शांततेने चालला. त्यावर माओवाद्यांच्या प्रभावाचा ठपका ठेवला गेला आणि नोव्हेंबरमध्ये पोलिसांनी तो मोडून काढला. 2016 चे ट्रक सात वर्षांनीही निःशस्त्र माणसांच्या नावावर मांडले जात होते.

जुलै 2025 मध्ये विधिमंडळाने ‘कडव्या डाव्या’ संघटनांविरुद्धचे जनसुरक्षा विधेयक संमत केले. विधानसभेत विरोध नोंदवला तो मार्क्सवादी पक्षाचे विनोद निकोले यांनी, एकट्यांनी. त्यानंतर तीनच महिन्यांत, 15 ऑक्टोबर रोजी, माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शरण आला. ज्या बंदुकीच्या नावाने हे विधेयक संमत करण्यात आले ती अशी खाली ठेवली जात असेल, तर ‘कडवे’ हे विशेषण यापुढे कोणाला चिकटणार, हे ठिय्या देणाऱ्या गावांना कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

मग डाव्यांनी लोकानुनयाचा मार्ग धरावा काय? स्पेनमध्ये पोदेमोस पक्षाने तो प्रामाणिकपणे चोखाळून पाहिला. 2011 च्या चौकांतील आंदोलनांतून स्फूर्ती घेऊन 2014 मध्ये तो पक्ष स्थापन झाला. त्याची स्थानिक मंडळे हीच त्याची ताकद होती. पुढे मंडळांचा अधिकार क्षीण झाला आणि सदस्यांचे काम पडद्यावर होय-नाही नोंदवण्यापुरते उरले. 2018 साली नेत्याने घेतलेल्या महागड्या घरावरही असेच मतदान झाले! इकडे 2024 मध्ये महाराष्ट्रात ‘लाडकी बहीण’ योजनेतून महिलांच्या खात्यांवर दरमहा दीड हजार रुपये जमा होऊ लागले. गरीब स्त्रीच्या हाती पैसा पडण्यास समाजवाद्याने विरोध करण्याचे कारण नाही. पण तो पैसा एकेका खात्यावर येतो. जंगलाचे काय होणार, हे विचारण्याची जागा त्या खात्यात नसते.

चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्यात पाचगाव आहे. 2012 साली सामूहिक वनहक्क मिळाल्यावर बांबूविक्रीतून गावाला रोजगार लाभला. तेंदूपत्त्यातूनही रोख पैसा मिळाला असता. ग्रामसभेने तो नाकारला. पानांसाठी फांद्या छाटल्या जातात, जंगलाला आगी लावल्या जातात आणि तेंदूची फळे हातची जातात, म्हणून. कोणताही लोकानुनयी पुढारी असा निर्णय जाहीर करण्यास धजावणार नाही. लोकांनी तो स्वतः घेतला, आणि तोही गरीब असताना.

याचा अर्थ मोबाइल टाकून द्यावा असा नाही. वनहक्काच्या दाव्यासाठी सीमांचे बिंदू टिपण्यास तो उपयोगी आहे, सभेची सूचना देण्यासही आहे. कार्यकर्त्यांना एक काम तर आजच करण्यासारखे आहे. खाणीच्या पर्यावरण अहवालाचा गोषवारा माडिया व गोंडी बोलीत वाचून त्याचे ध्वनिमुद्रण टोल्याटोल्यांवर पाठवावे, आणि सुनावणीच्या तारखेपूर्वी प्रत्येक ग्रामसभेने तो एकत्र बसून ऐकावा, शंका लिहून काढाव्यात, ठराव नोंदवहीत घ्यावा. सुनावणी प्रकल्पाच्या गावीच व्हावी, ही मागणी त्या ठरावाच्या पहिल्या ओळीत असावी.