चिकाटीचे कौतुक आणि भुकेचा हिशेब

(एका अभ्यासवर्गातील भाषण)



११ जुलै २०२१ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर युरोपीय अजिंक्यपदाच्या अंतिम सामन्यात इंग्लंडचा संघ पेनल्टी किकांवर इटलीकडून हरला. ज्या तीन कृष्णवर्णीय खेळाडूंच्या किका वाया गेल्या, त्यांच्यावर वंशद्वेषी शिव्यांचा वर्षाव झाला. मार्कस रॅशफोर्ड हा त्यांपैकी एक. मँचेस्टरच्या विदिंग्टन भागात एका भिंतीवर त्याचे भव्य चित्र रंगविलेले होते. तेही कोणी विद्रूप केले. परंतु लगोलग माणसे जमली आणि चिठ्ठ्या व कागदी हृदये चिकटवून त्यांनी तो भाग झाकून टाकला.

ही माया केवळ गोलांमुळे जडलेली नव्हती. १९९७ साली जन्मलेल्या या खेळाडूची आई पूर्ण वेळ राबत असे आणि किमान वेतन मिळवीत असे; तरीही घरात पोटभर अन्न नसे. मुलाची आबाळ होऊ नये म्हणून क्लबाच्या निवासात तिने त्याला ठरल्या वयाच्या एक वर्ष आधीच धाडले. अशा घरातून तो मँचेस्टर युनायटेडच्या आघाडीच्या फळीत पोहोचला. चाहत्यांना त्याच्या चिकाटीचा अभिमान वाटावा, हे योग्यच आहे.

परंतु मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले आहे, आणि म्हणून येथे एक प्रश्न विचारणे माझे कर्तव्य समजतो. ती आई चिकाटीत कोठे कमी पडली होती? जून २०२० मध्ये खासदारांना लिहिलेल्या अनावृत पत्रात रॅशफोर्डने नेमके हेच मांडले. आईने कितीही कष्ट केले, तरी तिच्यासारख्या कुटुंबांना वर येता यावे अशी ही व्यवस्थाच नाही, असे त्याने बजावले. आपल्या यशाचे श्रेय त्याने शाळेतील मोफत जेवण, शेजारी आणि प्रशिक्षक यांना दिले.

इंग्लंडमध्ये शाळेतील जेवणाचा कायदा १९०६ साली झाला. परंतु शाळेला सुट्टी लागते. भुकेला लागत नाही. रॅशफोर्डच्या पत्रानंतर दुसऱ्याच दिवशी सरकारने माघार घेतली आणि सुमारे १३ लाख मुलांच्या उन्हाळी सुट्टीतील अन्नासाठी १२ कोटी पौंड मंजूर केले. ऑक्टोबरमध्ये त्याला ‘एम.बी.ई.’ हा किताब जाहीर झाला. आणि त्याच महिन्यात, २१ तारखेला, पुढील सुट्ट्यांतही ही मदत चालू ठेवण्याचा प्रस्ताव पार्लमेंटने ३२२ विरुद्ध २६१ मतांनी फेटाळला! लोकमताच्या रेट्यामुळे नोव्हेंबरमध्ये सरकारला पुन्हा नमावे लागले, ही गोष्ट वेगळी.

मित्रहो, सत्ताधाऱ्यांना गरिबाच्या चिकाटीचे कौतुक करणे स्वस्त पडते. एका विजयी मुलाकडे बोट दाखविले, की उरलेल्या लाखोंची उपासमार हा त्यांचाच आळस ठरविता येतो. रॅशफोर्डचे मोठेपण असे, की त्याने स्वतःची कहाणी या कामासाठी वापरू दिली नाही. त्याने ती भुकेल्या मुलांच्या बाजूची साक्ष म्हणून उभी केली.

तरीही एवढ्यावर समाधान मानता येणार नाही. मुलांच्या घासासाठी एका नामवंत खेळाडूला पत्र लिहावे लागणे, हे लोकशाहीचे भूषण नव्हे. अन्न हा हक्क असेल, तर तो कोणाच्या कीर्तीवर अवलंबून असता कामा नये. चिकाटीला वंदन जरूर करावे. परंतु पोटभर जेवण्यासाठी कोणत्याही मुलाला चिकाटी दाखवावी लागू नये, हे आपले उद्दिष्ट असले पाहिजे.