मोटारीचा श्वास

मोटार पेट्रोलवर चालते, असें सर्वच म्हणतात. परंतु तें अर्धेंच सत्य आहे. एक लिटर पेट्रोल नीट जळावयास सुमारें ९,००० लिटर हवा लागते. वजनानें पाहिल्यास पेट्रोलच्या एका भागास हवेचे १४.७ भाग. हा हिशेब बिघडला कीं उत्तम एंजिनहि दमेकऱ्याप्रमाणें धापा टाकूं लागतें.

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यांतील अंकुशनगर हें साखर कारखान्याचें ठिकाण. गळिताचा हंगाम सुरू झाला म्हणजे अशा ठिकाणीं उसाच्या गाड्यांची रीघ लागते आणि रस्त्यावरची धूळ खालीं बसत नाहीं. मोटारीच्या नाकाशीं असलेली हवेची गाळणी तेथें लवकर भरावी, यांत नवल तें काय? म्हणून समजा, तेथील एखाद्या गृहस्थाची गाडी उभ्या जागीं थरथरूं लागली, तर तो प्रथम आळ घेईल तो गाळणीवरच.

निदान चुकतें तें येथेंच. गाळणी तुंबली तर हवा कमी पडते, आणि तें जाणवतें चढणीवर व वेगांत. कारण त्या वेळीं हवेची मागणी मोठी असते. उलट, गाडी वेगांत ठीक चालते पण उभी असतां थरथरते, तर कोठून तरी चोरवाटेनें जास्त हवा शिरत असल्याचा संशय धरावा. पाय काढला कीं थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटते व तिच्या आंतल्या बाजूस एंजिनाची ओढ फार वाढते; मग केसासारखी चीरहि हवा खेंचूं लागते. झडप उघडली कीं ही ओढ मंदावते. ज्या गाड्यांत येणारी हवा सेन्सर मोजतो, त्यांत ही चोरटी हवा त्याच्या हिशेबांतच येत नाहीं. जेथें हवेचा दाब मोजला जातो, तेथें मात्र त्याच चिरेमुळें एंजिन उभ्या जागीं उगाच वेगानें फिरूं लागतें.

तपासणीचा आरंभ थंड एंजिनावर करावा. गाळणीच्या पेटीचे चाप घट्ट आहेत ना, हें पाहून गाळणीपलीकडच्या मोठ्या रबरी नळींत पांढरा रुमाल फिरवावा. त्यास धूळ लागली, तर हवा गाळणीला चुकवून आंत जात आहे. ही धूळ सिलिंडर व पिस्टनच्या रिंगा झिजवते; तेथें खर्चाला अंत नाहीं.

नंतर एंजिन चालू करावें, पण मोकळ्या अंगणांत. बंद शेडमध्यें त्याचा धूर जीव घेतो. पंखा व पट्टा यांपासून हात आणि सैल कपडे दूर ठेवून सुस्काऱ्यासारखा आवाज कोठून येतो तें ऐकावें. बारीक नळ्या कापड गुंडाळलेल्या पकडीनें एकेक दाबाव्या. दाबतांच थरथर थांबली, तर दोष त्या नळींत किंवा तिच्या पलीकडे आहे. कांहीं हौशी लोक सांध्याशीं उदबत्ती धरतात. पेट्रोलाशेजारीं निखारा नेणाऱ्यास काय म्हणावें!

एका नळीशीं मात्र खेळूं नये. ती ब्रेकच्या बूस्टरकडे जाते. थरथरीबरोबर ब्रेकचें पेडलहि दगडासारखें जड लागत असेल, तर गाडी रस्त्यावर न नेतां मिस्त्रीसच घरीं बोलवावें.

इतर नळीचें टोक चिरलें असेल व लांबी पुरत असेल, तर चिरलेला भाग कापून क्लॅम्पनें पुन्हा बसवावें. मध्येंच तडकली असल्यास त्याच मापाची, उष्णता व तेल सोसणारी नवी नळी घ्यावी. सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळणें हा केवळ घर गांठण्यापुरता उपाय. तेलाच्या वाफेनें तें रबर फुगतें. कागदी गाळणी धुऊं नये, बदलावी.

नळी बसली कीं एंजिन थोडा वेळ चांचपडतें आणि मग एका लयींत चालूं लागतें. पंधरा दिवस उसाच्या गाड्यांमागची धूळ खाऊन झाल्यावर रुमाल पुन्हा एकदां नळींत फिरवून पाहावा.